अकरा सुटलेले झेल

मॅकीव्हर, पेनसिल्व्हेनिया
शनिवार, २७ ऑगस्ट २०२२

एमिल,

एक प्रश्न विचारायचा आहे, म्हणून लिहिते आहे. त्यापलीकडे काही समजू नकोस. सहा वर्षं आपण बोललेलो नाही आणि ह्या पत्राने त्यात फरक पडावा अशी माझी अपेक्षा नाही. पत्ता तुझ्या मुलीने दिला. फोनवर तिने "आत्या, तू बरी आहेस ना?" असं तीनदा विचारलं. तिकडे माझ्याबद्दल काय बोललं जातं त्याचा त्यावरून अंदाज आला.

काल फुटबॉलच्या मोसमाचा पहिला सामना झाला आणि आपल्या शाळेच्या पोरांनी अकरा झेल सोडले. पास नीट आलेला, हाताला लागलेला, आणि तरी खाली पडलेला. अशालाच मी सुटलेला झेल म्हणते. एकतीस वर्षं मी वरच्या खोलीत काचेमागे बसून सामन्यांच्या नोंदी ठेवते आहे. अकरा हा आकडा त्या रकान्यात पूर्वी कधी लिहिला नव्हता.

आज सकाळी कोच रिनाल्डी माझ्या दारात उभा. डोनटचा खोका घेऊन आला होता, म्हणजे काम मोठं होतं. भौतिकशास्त्रात माझ्याकडे दोनदा नापास झालेला मुलगा हा.

"बाई, एकतीस वर्षं तुम्ही आमच्या चुका लिहिताय. आता खाली या आणि त्या थांबवा."

"रिसीव्हरांना, पास झेलणाऱ्या पोरांना, शिकवणारा तुझा माणूस कुठे गेला?"

"गोदामात लागला. पगार बरा आहे, आणि खोकं हातातून सुटलं तर तिथे गाव ओरडत नाही."

"मी एकोणसत्तर वर्षांची आहे, रिनाल्डी."

"मला पळणारं माणूस नकोय, बाई. बघणारं हवंय."

मी हो म्हटलं. डोनट ठेवून घेतले.

आता प्रश्न. १९६९ चा सप्टेंबर. तू चौदाचा होतास, शाळेच्या संघात नुकताच घेतलेला. पहिले पाच-सहा आठवडे येईल तो चेंडू तू सोडत होतास. मग एकाएकी सोडेनासा झालास, आणि पुढची चार वर्षं तुझ्या हातून काही निसटलं नाही. मधे काय केलंस? मी त्याच घरात राहत होते आणि मला ठाऊक नाही, कारण त्याच आठवड्यांत एका संध्याकाळी तू मागच्या दारात उभा राहून "आता तू फेकू नकोस" म्हणालास आणि दार लावून घेतलंस.

त्या दुसऱ्या संध्याकाळबद्दल, सहा वर्षांपूर्वीच्या, हॉलमधल्या, मी काही लिहिणार नाही. शाळेच्या मानकऱ्यांच्या भिंतीवर तुझं नाव लागलं, आणि स्लोव्हाक मंडळाच्या हॉलमध्ये दीडशे माणसांसमोर तू म्हणालास की बाबा कारखान्यातून सुटले की रोज संध्याकाळी तुला शंभर चेंडू फेकायचे. बाबा! त्यांचा उजवा खांदा १९६१ सालीच गेला होता. टोपी घालायची तरी डावा हात वर करायचे. मागच्या अंगणात सहा वर्षं तुला चेंडू कोणी फेकले ते तुला ठाऊक आहे. मी उठले, वाढपाच्या टेबलावरचं माझं कोबीच्या गुंडाळ्यांचं पातेलं उचललं आणि घरी आले. अर्ध्या लोकांना वाढायचं राहिलं होतं.

लिहिणार नाही म्हटलं आणि लिहिलं. असो. प्रश्नाचं उत्तर एका ओळीत दिलंस तरी चालेल.

व्हेरा


रविवार, ११ सप्टेंबर

एमिल,

तुझं निवडुंगाचं चित्र असलेलं कार्ड मिळालं. "खास काही नाही. सराव केला." खोटं बोलताना तू लहानपणीही अशीच आखूड वाक्यं करायचास.

असू दे. इकडचं लिहिते, कारण दुसऱ्या कोणाला ह्यात रस नाही. चर्चच्या तळघरात बायका पिरोगीच्या पाऱ्या लाटताना मी बोटांच्या ठेवणीबद्दल बोलायला लागले की मार्गिट मला कांदे चिरायला पाठवते.

पहिल्याच दिवशी मी दोन प्रथा बंद केल्या. एक, झेल सोडला की वीस जोर. रिनाल्डीला वाटलं मला पोरांची दया आली. त्याला म्हटलं, दया नव्हे, थकलेल्या दंडांनी आणखी झेल सुटतात, शाळेत तुला हे दोनदा शिकवलंय. दुसरी प्रथा तुझ्याही वेळी होती. ज्याने झेल सोडला त्याने आठवडाभर चेंडू काखेत घेऊन शाळाभर हिंडायचं, आणि वाटेत कोणीही तो हाणून पाडायचा प्रयत्न करायचा. टॉलिव्हर नावाचा एक उंच, बडबड्या मुलगा आहे. तो जेवणाच्या रांगेतसुद्धा काखेत चेंडू घेऊन उभा.

"बाई, मी ह्याच्यासोबत झोपतो सुद्धा. आई म्हणते, लग्न कधी करताय?"

"आणि शुक्रवारी किती सोडलेस?"

"चार."

"मग काडीमोड घे. हातात असलेलं सांभाळणं वेगळं आणि अंगावर येणारं घेणं वेगळं. तुला पहिलं येतं."

बाकीचे खिदळले. वास्को म्हणून एक आहे, बुटका, त्याच्या हसण्याला आवाजच नाही, फक्त खांदे हलतात. त्याला मी पुढे बोलावलं आणि टॉलिव्हरला काखेतला चेंडू त्याच्या छातीच्या वर फेकायला लावला. वास्कोने करंगळ्या जोडून हात पुढे केले, घागर धरल्यासारखे. चेंडू हनुवटीला लागला. मग वास्को सोडून सगळे हसले. छातीच्या वर आला तर अंगठे जवळ, कमरेच्या खाली आला तर करंगळ्या जवळ. सतरा वर्षांच्या मुलांना हे कोणी सांगितलेलं नव्हतं.

टेनिसच्या चेंडूंवर काळ्या शाईने आकडे लिहिले. मी फेकायचे आणि हातात येण्याआधी त्यांनी आकडा ओरडायचा. कारण निम्मे झेल हातांमुळे सुटतच नाहीत. चेंडू यायच्या आत पोरगं डोळे पुढे करतं, कुठे पळायचं ते शोधायला. डोळे आधी पळतात आणि हात मागे राहतात.

सरावाला आता दोनशेंत सात सुटतात. यंत्र चेंडू फेकतं, यंत्र नसेल तेव्हा रिनाल्डी फेकतो, आणि पोरं मजेत झेलतात. मी समाधानाने घरी जाऊन सूप प्यायला लागले होते.

आणि परवा, शुक्रवारच्या सामन्यात, नऊ.

मी प्रत्येकाची नोंद वेगळी केली. डोळे बरोबर, अंगठे बरोबर, जागा बरोबर. चेंडू बोटांत येतो आणि किल्लीसारखा फिरून बाहेर पडतो. सोमवार ते गुरुवार सोन्यासारखी पोरं, शुक्रवारी हातांना लोणी. गाव म्हणतं, गर्दीला घाबरतात. टॉलिव्हर गर्दीला घाबरत नाही. तो गर्दीला हात करतो.

तुझंही असंच झालं होतं. अंगणात एकही सुटायचा नाही, आणि मैदानावर सगळे. बाबा रात्रीच्या जेवणाला काही बोलायचे नाहीत. कारखान्यात लोक त्यांना विचारायचे, तुझ्या पोराच्या हाताला भोकं आहेत का. हे मला आईने सांगितलं होतं.

एवढं आठवतं, तर मधे काय केलंस तेही आठवत असेल.

व्हेरा


शनिवार, २४ सप्टेंबर

एमिल,

सापडलं. आणि ज्या रीतीने सापडलं त्यावरून तुझी माफी मागावी लागेल की काय, अशी शंका मला येऊ लागली आहे. तुला ठाऊक आहे, ही गोष्ट मी हौसेने करत नाही.

मंगळवारी यंत्राचं चाक निसटलं. रिनाल्डी मास्तरांच्या बैठकीला गेलेला. पोरं कंबरेवर हात ठेवून उभी. आमचा पास फेकणारा, क्वार्टरबॅक, कुबियाक नावाचा पंधरा वर्षांचा पोरगा. त्याचा खांदा उन्हाळ्यात दुखावला होता, म्हणून रिनाल्डी त्याला आठवडाभर फेकू देत नाही, शुक्रवारसाठी राखून ठेवतो. तर मी चेंडू उचलला.

"बाई, राहू दे, तुम्हाला लागेल काहीतरी," टॉलिव्हर म्हणाला.

"तू तुझ्या जागी पळ."

बारा पावलांवर होता. त्रेपन्न वर्षांत मी तो लंबगोल चेंडू हातात धरला नव्हता, आणि बोटं आपण होऊन शिवणीवर गेली. सरळ गेला, एमिल. डगमगला नाही. त्याच्या छातीशी, अंगठ्यांच्या मधोमध. आणि त्याने सोडला.

वास्कोने सोडला. तिसऱ्याने सोडला. पुन्हा टॉलिव्हरने सोडला.

"बाई, तुमचा चेंडू उलटा फिरतो!"

"कोणासारखा?"

विचार करायला त्याला वेळ लागला नाही. "कुबियाकसारखा. शुक्रवारसारखा."

कुबियाक डावखुरा आहे. मीही.

ह्यात गूढ काही नाही. उजव्या हाताने फेकलेला चेंडू एका बाजूला गरगरत जातो, डाव्याने फेकलेला बरोबर उलट, आणि शेवटच्या हातभर अंतरात दुसऱ्या अंगाला झुकतो. झेलणाऱ्याची बोटं ज्या फिरकीला सवकलेली असतात तिलाच आवळतात; उलटी आली की चेंडू त्यांच्यातून सुटून निघतो. आमच्या पोरांना चार दिवस यंत्र आणि रिनाल्डी घालतात उजवी, आणि पाचव्या दिवशी कुबियाक वाढतो डावी. दुखऱ्या खांद्याची काळजी घेता घेता त्या भल्या माणसाने सगळ्या रिसीव्हरांचे हात बिघडवून ठेवले. मी रिनाल्डीला फळ्यावर बाण काढून समजावलं. त्याने एक बाण बोटाने गिरवून पाहिला.

"म्हणजे मी शिकवतोय तेच चूक?"

"नाही. बरोबर शिकवतोस. दुसऱ्या कोणाच्या तरी क्वार्टरबॅकसाठी."

आता रोज कुबियाक चाळीस फेकतो, हळू, आणि साठ मी. कालच्या सामन्यात चारच सुटले. साठ फेकून झाले की मला केस विंचरता येत नाहीत. हिरव्या डब्यातलं मलम खांद्याला चोळून बसते. पोरं मला आता "डावी तोफ" म्हणतात, मला ऐकू येत नाही अशा समजुतीने.

घरी येताना गाडी पुलाजवळ बाजूला घेऊन थोडा वेळ थांबले. सहा वर्षं, वयाच्या आठव्यापासून चौदाव्यापर्यंत, तू माझ्याशिवाय कोणाचाच चेंडू झेलला नव्हतास. मग शाळेच्या संघात गेलास, तिथला फेकणारा उजवा. तुझे हात बिघडले नव्हते. ते माझ्या हाताला लावलेले होते. मीच तुला तसं केलं, आणि वर त्या महिन्यात तुला म्हटलं की तू लक्ष देत नाहीस.

"आता तू फेकू नकोस." मला वाटलं, आता मोठा झाला, बहिणीची लाज वाटते. ही समजूत मी त्रेपन्न वर्षं जपली. चांगली टिकली.

फक्त एक बसत नाही. त्या पानगळीत तुला उजव्या हाताचे चेंडू कोणीतरी भरपूर फेकलेच असणार, नाहीतर तू इतक्या लवकर सुधारला नसतास. संघातली मोठी पोरं तुला उभं करत नव्हती. कोणी फेकले?

व्हेरा


रविवार, ९ ऑक्टोबर

एमिल,

तुझी सहा पानं आली. दोनदा वाचली. तुझं अक्षर अजून भयंकर आहे.

तर चर्चच्या मागे, गाड्या लावायच्या जागेत. बाबा दुपारची पाळी बदलून घेऊन तुला तिथे भेटायचे. खांदा वर जात नव्हता म्हणून ते कमरेजवळून, बाजूने फेकायचे, आणि दर दहा चेंडूंनंतर गाडीला टेकून उभे राहायचे. तू म्हणायचास "पुरे", आणि ते म्हणायचे, "अजून नव्वद आहेत." सात आठवडे. एका हॉलभर माणसांसमोर तू जे सांगितलंस ते अक्षरशः खरं होतं.

आणि मला सांगायचं नाही, असं त्यांनीच बजावलं होतं. ते वाक्य तू लिहिलं आहेस त्यावर माझं बोट बराच वेळ होतं: "तिने सहा वर्षं फेकलेत. तिला कळलं तर वाटेल, तिनेच तुझं वाटोळं केलं. तिला काही बोलायचं नाही, कळलं?"

त्या पानगळीत घरभर मलमाचा उग्र वास असायचा. आई रात्री चुलीजवळ त्यांच्या खांद्याला चोळायची. मी समोर बसून रसायनशास्त्राचा अभ्यास करायचे आणि वास येतो म्हणून खिडकी उघडायचे. मला वाटायचं, कारखान्यात काम वाढलं असेल. गेले दोन आठवडे तोच वास माझ्याच अंगाला येतो आहे, आणि तुझं पत्र हातात पडेपर्यंत मला काही सुचलं नाही. मी ह्या गावातल्या पोरांना निरीक्षण शिकवत असे.

आता दुसरी गोष्ट. तुझं भाषण दोन पानांचं होतं, हे मला ठाऊक नव्हतं. पहिलं पान बाबांचं, दुसरं माझं. मी पातेलं घेऊन दाराकडे निघाले ते तू व्यासपीठावरून पाहिलंस, दुसरं पान घडी करून खिशात घातलंस आणि "धन्यवाद" म्हणून खाली बसलास.

हे तू चूक केलंस. मी बाहेर गेले होते; बाकीची दीडशे माणसं बसलेली होती. वाचायचं होतंस. तू लिहितोस, तुला राग आवरला नाही. शक्य आहे. पण त्यामुळे त्या दीडशेंना आजपर्यंत वाटतं की व्हेरा ह्राबचाक भावाच्या कौतुकावर जळून कोबी घेऊन पळाली. मार्गिट मला अजून त्यावरून टोमणे मारते.

आणि माझं चुकलं. पुढे काय येतंय ते न बघता मी निघाले. हे मी एकदाच लिहिते, पुन्हा मागू नकोस.

परवाच्या सामन्यात तीन सुटले. सामना हरलो, पण आमच्या झेलांमुळे नाही. समोरच्यांकडे दारातून आडवं होऊनच जाता येईल असे दोन धिप्पाड भाऊ होते. वास्कोने एक झेल घेतला, पाठमोरा पळत, उलट्या फिरकीचा, नुसत्या बोटांच्या टोकांनी. मी आता खाली मैदानाच्या कडेला उभी असते. तो परत आला आणि माझ्याकडे बघत राहिला.

"काय?" मी विचारलं.

"काही नाही, बाई. तुम्ही काही म्हणाल असं वाटलं."

"डावा कोपर फार बाहेर होता."

टॉलिव्हर म्हणाला, "वास्को, बाईंच्या भाषेत हे 'वा' असतं." मग कुबियाकसकट सगळे हसले. मला बाजूला बघावं लागलं.

तू लिहितोस, तुझ्या सुनेला वाटतं आपण दोघेही गाढव आहोत. मुलगी हुशार दिसते. तिला माझा नमस्कार सांग.

व्हेरा


रविवार, ३० ऑक्टोबर

एमिल,

मोसम संपला. दहापैकी सहा जिंकलो, पुढच्या फेरीत जात नाही, आणि गावाला त्याचं फारसं दुःख नाही, कारण गेल्या वर्षी दोनच जिंकले होते. शुक्रवारी शेवटच्या सामन्यात एक झेल सुटला. टॉलिव्हरचा. सूर्य डोळ्यांत आला म्हणाला. सामना संध्याकाळी सातला सुरू झाला होता, हे मी त्याच्या लक्षात आणून दिलं.

वास्कोचा कोपर आत आला आहे. सामना संपल्यावर मी त्याला म्हटलं, छान खेळलास. इतका दचकला की पाण्याची बाटली हातातून पडली. टॉलिव्हरने लगेच ओरडून ती माझ्या नोंदीत घालायला सांगितली.

रिनाल्डीने पुढच्या वर्षासाठी विचारलं. मी सांगितलं, खांद्याच्या डॉक्टरांना विचारून कळवते, आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना न विचारताच कळवलं. माझं वय त्याने ह्या वेळी काढलं नाही. सध्या बरं चाललं आहे. चांगली भूक लागते आणि दहाला झोप येते.

तू पुन्हा विचारलं आहेस, ते दुसरं पान मला पोस्टात टाकू का. सहा वर्षं जपून ठेवलंस, हे मला तुझ्याकडून अपेक्षित नव्हतं. टाकू नकोस. पोस्टाने आलं तर मी ते पाकीट न फोडता परत पाठवीन.

संघाचं जेवण शनिवारी, १९ नोव्हेंबरला आहे, स्लोव्हाक मंडळाच्या हॉलमध्येच. पोरं, त्यांचे आईबाप, निम्मं गाव. रिनाल्डीला दहा मिनिटं बोलायला कोणीतरी हवं होतं. मी तुझं नाव दिलं आहे, तुला न विचारता. पिट्सबर्गला विमान दुपारी येतं; विमानतळावर मी असेन, सामान कमी आण. तुझी जुनी खोली झाडून ठेवली आहे. तिथे आता माझं शिवणाचं मशीन आहे, त्याला हात लावू नकोस.

बाबांचं पान आधी वाच, ते पुन्हा ऐकायला लोकांची हरकत नसावी. मग दुसरं वाच. सावकाश वाच, तू वाक्याचा शेवट खातोस.

मी पहिल्या रांगेत आहे. शेवटपर्यंत बसेन.

व्हेरा